अम्मीचे तीन प्रश्न : अकरावीच्या रसायनशास्त्रातील गणिते

गेल्या वर्षी अकरावीची पहिली घटक चाचणी झाल्यानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी मगरिबनंतर आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी अम्मीला घेऊन माझ्या घरी आली. उर्दू माध्यमातून दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवलेली मुलगी. मोठ्या उमेदीने तिने सायन्सला प्रवेश घेतला होता. आता ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत खाली मान घालून बसली होती. रसायनशास्त्रात पंचवीसपैकी सहा गुण.

अम्मी म्हणाली, "मॅडम, रोज रडती. म्हणती, मला आर्ट्सला टाका. हिच्या अब्बांनी रिक्षाचे हप्ते थांबवून फी भरलीय. मी जास्त शिकलेली नाही. हिचं डोकं कमी पडतंय का, तेवढं खरं सांगा."

मी पेपर मागून घेतला. व्याख्या बरोबर होत्या, नियम बरोबर लिहिले होते. गणितांच्या जागी मात्र एक-दोन आकडे, त्यावर काट आणि पुढे कोरा कागद. डोके कमी पडलेल्या मुलीचा तो पेपर नव्हता. सुरुवात कुठून करायची हेच कुणी न दाखवलेल्या मुलीचा होता.

आर्ट्सला जाण्यात कमीपणा नाही. मी स्वतः भाषा शिकवते. पण आवडीने एखाद्या वाटेला जाणे वेगळे आणि भीतीने पळून जाणे वेगळे. दरवर्षी आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांतच सायन्सवरून मन काढून घेतात. त्याचे कारण बहुधा पहिल्याच धड्यातील गणिते असतात. म्हणून या महिन्यात मी ती गणितेच आपल्यासमोर मांडणार आहे. पालकहो, आपण रसायनशास्त्र शिकला नसाल तरी हा लेख वाचा. शेवटी आपल्यासाठीही एक काम आहे.

अडचण कुठे होते?

आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली काही वर्षे मोलची ओळख नववीत 'द्रव्याचे मोजमाप' या पाठात होते. दहावीत रासायनिक समीकरणे संतुलित करायला शिकवतात, पण मोलच्या गणितांवर फारसा भर नसतो. बोर्डाच्या तयारीत नववीचा तो पाठ मागे पडतो. अकरावीत तोच विषय पहिल्या धड्यात परत येतो, आणि तोही इंग्रजीत. म्हणजे मूल एकाच वेळी दोन गोष्टींशी झगडत असते. एक म्हणजे विसरलेले गणित, आणि दुसरी म्हणजे नवी भाषा.

मी स्वतः उर्दू माध्यमातून शिकले. अकरावीत सरांनी 'मोल' हा शब्द उच्चारला तेव्हा मला बाजारातले मोल, म्हणजे किंमत, आठवली होती. दोन्हींचा काही संबंध नाही, हे कळेपर्यंत आठवडा गेला. म्हणून मुलांना मी सर्वांत आधी शब्दांची वही करायला लावते. तीन रकाने आखायचे, मराठी, उर्दू आणि इंग्रजी.

अणू, जौहर, ॲटम.
रेणू, सालिमा, मॉलिक्यूल.
मूलद्रव्य, उन्सुर, एलिमेंट.
संयुग, मुरक्कब, कंपाउंड.
वस्तुमान, कमियत, मास.
समीकरण, मसावात, इक्वेशन.

शेवटचा शब्द पाहा. मसावात म्हणजे बराबरी. रासायनिक समीकरण म्हणजे दोन्ही बाजूंची बराबरी. डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाला हा अर्थ आधीपासून ठाऊक असतो, फक्त त्याची आठवण करून द्यावी लागते. घरची भाषा इथे ओझे होत नाही, उलट मदतीला येते.

टिचबटणांचा डबा

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. शिलाई मशीनशेजारी टिचबटणांचा डबा होता. बुरख्याला, लहान मुलांच्या झबल्याला लावतात ती बटणे. त्याचे दोन तुकडे असतात, एक नर, एक मादी. दोन्ही मिळून एक जोड.

मी मुलीला विचारले, "समज, शंभर नर तुकड्यांचं वजन २० ग्रॅम आहे आणि शंभर मादी तुकड्यांचं ३० ग्रॅम. अम्मीला पाचशे जोड हवेत. एकेक मोजत बसायचं नाही. दुकानदाराकडून किती ग्रॅम आणशील?"

तिने लगेच सांगितले, "नर १०० ग्रॅम, मादी १५० ग्रॅम."

"दोन्ही सारख्याच वजनाचे का नाही आणले?"

"मॅडम, जोड वजनानं थोडीच लागते? नगाला नग लागतो."

मी म्हणाले, "बेटा, तुझ्या धड्याचा अर्धा भाग तू आत्ताच सांगितलास."

अणू-रेणूंचे असेच असते. ते एकमेकांशी नगाला नग या हिशेबाने जुळतात. पण ते इतके सूक्ष्म आहेत की मोजता येत नाहीत. आपल्याला फक्त वजन करता येते. म्हणून वजनावरून नगांची संख्या काढायची युक्ती लागते. त्या युक्तीचे नाव मोल.

अंडी आपण डझनाने घेतो, कागद रिमाने, जुने लोक वस्तू कोडीने मोजत. डझन म्हणजे १२, कोडी म्हणजे २०. तसाच मोल हा एक मोठा गठ्ठा आहे. एका मोलमध्ये ६०२२ या आकड्यापुढे वीस शून्ये लिहावीत इतके कण असतात. या संख्येला इटलीचा शास्त्रज्ञ अवोगाद्रो याचे नाव आहे. ही संख्या त्याने स्वतः मोजली नव्हती. समान तापमान आणि समान दाब असताना समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, हा विचार त्याने १८११ मध्ये मांडला. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ पेरँ याने पुढे १९०९ मध्ये या संख्येला त्याचे नाव दिले. २० मे २०१९ पासून तर मोलची व्याख्याच या संख्येवर बांधली आहे. आता ती ६०२२१४०७६ पुढे पंधरा शून्ये अशी नेमकी ठरलेली आहे.

एवढा मोठा आकडा का निवडला? कारण त्यामुळे हिशेब सोपा होतो. कार्बनचे अणुवस्तुमान १२, तर एक मोल कार्बन १२ ग्रॅम. ऑक्सिजनच्या अणूचे १६, तर एक मोल ऑक्सिजन अणू १६ ग्रॅम. पुस्तकातील तक्त्यात जो आकडा आहे, त्यापुढे ग्रॅम लिहिले की एका मोलचे वजन तयार.

कागदावरच्या चार ओळी

कोणतेही गणित असो, मी मुलांना कागदावर चार ओळी लिहायला लावते.

१. काय दिले आहे? आकडा आणि त्याचे एकक.
२. काय विचारले आहे? तेही एककासह.
३. समीकरण. ते संतुलित आहे ना, हे तपासून.
४. वाट. ग्रॅमवरून मोल, एका पदार्थाच्या मोलवरून दुसऱ्याचे मोल, मग मोलवरून पुन्हा ग्रॅम.

चौथ्या ओळीत एक पक्की गोष्ट लक्षात ठेवायची. एका पदार्थाच्या ग्रॅमवरून दुसऱ्या पदार्थाच्या ग्रॅमवर थेट उडी मारता येत नाही. मध्ये मोलचा पूल आहे, त्यावरूनच जावे लागते. मुलांच्या चुका तपासताना मला दिसते की निम्म्याहून अधिक वेळा त्यांनी हा पूल टाळलेला असतो.

आता एकेक गणित करून पाहू.

पहिले गणित : एक पेला पाणी

प्रश्न : १८० ग्रॅम पाण्यात किती मोल पाणी आहे? रेणू किती?

पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. दोन गुणिले १, अधिक १६, म्हणजे १८. एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम. १८० ला १८ ने भागले की उत्तर १० मोल. रेणू हवे असतील तर दहाने गुणायचे, म्हणजे ६०२२ पुढे एकवीस शून्ये.

इथे एक सापळा असतो. प्रश्नात 'हायड्रोजनचे अणू किती' असे विचारले, तर हा आकडा आणखी दुप्पट करावा लागतो. कारण प्रत्येक रेणूत असे दोन अणू आहेत. म्हणून प्रश्नात ॲटम लिहिले आहे की मॉलिक्यूल, त्याखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावा.

दुसरे गणित : चुन्याची भट्टी

प्रश्न : २५ किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर किती चुनकळी मिळेल?

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियम ४०, कार्बन १२ आणि ऑक्सिजनचे तीन अणू ४८, मिळून १००. चुनकळी म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. ४० अधिक १६, म्हणजे ५६. उरलेला कार्बन डायऑक्साइड, १२ अधिक ३२, म्हणजे ४४.

समीकरण : १ चुनखडी → १ चुनकळी + १ कार्बन डायऑक्साइड

आता वाट पकडू. २५ किलो म्हणजे २५,००० ग्रॅम. हे रूपांतर आधी करायचे. घाईत मुले २५ लाच १०० ने भागतात. २५,००० भागिले १०० म्हणजे २५० मोल चुनखडी. एकास एक प्रमाण आहे, म्हणून चुनकळीही २५० मोल. २५० गुणिले ५६ म्हणजे १४,००० ग्रॅम, अर्थात १४ किलो.

उत्तर आले म्हणून पेन खाली ठेवायचे नाही. पडताळा घ्यायचा. कार्बन डायऑक्साइड २५० गुणिले ४४, म्हणजे ११ किलो. चौदा आणि अकरा मिळून पंचवीस. जेवढे भट्टीत गेले, तेवढेच बाहेर आले. फरक इतकाच की अकरा किलो डोळ्यांना न दिसता हवेत गेले.

वस्तुमान नाहीसे होत नाही, हे तत्त्व फ्रान्सच्या लव्हाझिए याने तराजूच्या आधारे पक्के केले आणि १७८९ च्या आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात मांडले. काळजीपूर्वक वजन करण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. अल-बिरूनीने धातूंची आणि रत्नांची सापेक्ष घनता मोजली होती. अल-खाज़िनीने मर्व शहरात ११२१ च्या सुमारास 'मीज़ान अल-हिकमा' हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. धातू शुद्ध आहे की त्यात भेसळ आहे, हे पाण्यात वजन करून कसे ओळखावे, याचे विवेचन त्यात आहे. मुलांच्या पुस्तकातला 'अल्कली' हा शब्दही अरबी 'अल-क़िल्य'वरून आला, म्हणजे वनस्पती जाळून मिळालेली खारी राख. आपल्या मुलांना हे सांगा. त्यांना हा विषय परका वाटणार नाही.

तिसरे गणित : खाण्याचा सोडा

प्रश्न : ४.२ ग्रॅम खाण्याचा सोडा तापवून त्याचे पूर्ण विघटन केले, तर किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल?

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. सोडियम २३, हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजनचे तीन अणू ४८, एकूण ८४.

समीकरण : २ खाण्याचा सोडा → १ धुण्याचा सोडा + १ पाणी + १ कार्बन डायऑक्साइड

४.२ भागिले ८४ म्हणजे ०.०५ मोल सोडा. इथे थांबून समीकरण बघायचे. दोन मोल सोड्यातून एकच मोल वायू निघतो. म्हणून वायू निम्मा, ०.०२५ मोल. त्याला ४४ ने गुणले की १.१ ग्रॅम.

आपल्या विद्यार्थिनीने चाचणीत असेच एक गणित सोडवताना उत्तर बरोबर दुप्पट काढले होते. बेरीज, भागाकार, सगळे अचूक. फक्त पदार्थांच्या आधीचा 'दोन' पाहायचा राहिला होता. गणितात हुशार मुलेही इथे गुण गमावतात.

१.१ ग्रॅम वायू म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण वायू जागा बरीच व्यापतो. शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाब असताना एक मोल वायू २२.४ लिटर जागा घेतो. तर ०.०२५ मोल म्हणजे ०.५६ लिटर. चिमूटभर सोड्याने नानखटाई का फुलते, ते यावरून समजते. एक सूचना द्यायला हवी. नव्या व्याख्येप्रमाणे दाब एक बार धरला तर हा आकडा २२.७ लिटर येतो. दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले म्हणून मुलांनी गोंधळू नये. प्रश्नात जो दाब किंवा जो आकडा दिला असेल, तोच वापरावा.

चौथे गणित : आधी कोण संपेल?

पुन्हा टिचबटणांकडे येऊ. समजा, अम्मीने नर आणि मादी दोन्ही तुकडे १५० ग्रॅम आणले. नर झाले ७५०, मादी ५००. जोड किती होतील? पाचशेच. अडीचशे नर तुकडे डब्यात पडून राहतील. जो तुकडा आधी संपतो, तो जोडांची संख्या ठरवतो. यालाच अकरावीच्या पुस्तकात 'लिमिटिंग रिएजंट' म्हणतात. जो उरतो तो 'एक्सेस'. ही दोन इंग्रजी नावे पाहूनच निम्मी मुले घाबरतात.

प्रश्न : १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांच्यापासून किती पाणी बनेल?

समीकरण : २ हायड्रोजन + १ ऑक्सिजन → २ पाणी

हे दोन्ही वायू रेणूच्या रूपात असतात आणि एका रेणूत दोन अणू असतात. म्हणून हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅम आणि ऑक्सिजनचा ३२ ग्रॅम. हायड्रोजन १० भागिले २, म्हणजे ५ मोल. ऑक्सिजन ६४ भागिले ३२, म्हणजे २ मोल.

दोन मोल ऑक्सिजनला चार मोल हायड्रोजन लागतो. आपल्याकडे पाच आहेत. म्हणजे ऑक्सिजन आधी संपणार. पाणी ४ मोल बनेल, ४ गुणिले १८ म्हणजे ७२ ग्रॅम. हायड्रोजन एक मोल, म्हणजे २ ग्रॅम उरेल.

पडताळा : सुरुवातीला १० आणि ६४ मिळून ७४ ग्रॅम. शेवटी ७२ आणि २ मिळून ७४ ग्रॅम. बराबरी झाली.

एक गोष्ट इथे पाहण्यासारखी आहे. वजनाने ऑक्सिजन सहापटीहून जास्त होता, तरी तोच आधी संपला. वजनाकडे पाहून अंदाज बांधणारा इथे फसतो.

पाचवे गणित : औषधाच्या पुडीतला हिशेब

या सगळ्याचा आयुष्यात काय उपयोग, असे मुले विचारतात. त्यांना मी ओआरएसची पुडी दाखवते. जुलाब झालेल्या मुलाला आपण देतो तीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. वजने पाहिली तर ग्लुकोज मिठाच्या पाचपट आहे. आता मोल काढू.

ग्लुकोजचा एक मोल १८० ग्रॅम. १३.५ भागिले १८० म्हणजे ०.०७५ मोल.

मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅम. २.६ भागिले ५८.५ म्हणजे सुमारे ०.०४५ मोल. मिठाच्या प्रत्येक एककात एक सोडियम, म्हणून सोडियमही तेवढाच. पुडीतल्या सायट्रेटचा एक मोल २९४ ग्रॅम. २.९ भागिले २९४ म्हणजे सुमारे ०.०१ मोल. त्याच्या प्रत्येक एककात तीन सोडियम, म्हणून ०.०३. दोन्ही मिळवा, सोडियम ०.०७५ मोल.

ग्लुकोज ०.०७५ आणि सोडियमही ०.०७५. वजनात जे दिसत नव्हते, ते मोलमध्ये दिसले. पुडीत दोन्हींची संख्या बरोबरीची ठेवली आहे. कारण आपल्या लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकत्र शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शरीरात जाते. हा हिशेब जुळला की तहानलेल्या शरीराला तोंडावाटे पाणी परत मिळते.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजायला सुरुवात केली. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजत होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते छावणीत ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आता आपल्या घरातले गणित. एक लिटरची पुडी कुणी घाईत एका पेल्यात, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात कालवली तर? पाणी पाचपट कमी, म्हणून द्रावण पाचपट तीव्र. सोडियम प्रतिलिटर ०.०७५ मोल असायला हवा, तो ०.३७५ होईल. असे द्रावण शरीराला पाणी देण्याऐवजी शरीरातले पाणी आतड्यात ओढते. लहान मुलाला त्याने मोठा अपाय होऊ शकतो. बाजारात २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात. म्हणून पुडीवर किती पाणी लिहिले आहे, ते आधी वाचा आणि तेवढेच मोजून घ्या. एकक वाचण्याची सवय फक्त परीक्षेपुरती नाही, ती अशा वेळी जीव वाचवते.

नेहमी होणाऱ्या चुका

इतक्या वर्षांत पेपर तपासताना ज्या चुका वारंवार दिसल्या, त्या इथे देते. मुलांनी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

• किलोचे ग्रॅम किंवा मिलिलिटरचे लिटर न करताच भागाकार करणे.
• संतुलित न केलेल्या समीकरणावरून प्रमाण घेणे.
• हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन वायूंचे अणुवस्तुमानच रेणूवस्तुमान म्हणून वापरणे. ऑक्सिजन वायूसाठी १६ नव्हे, ३२.
• सूत्रातला खालचा छोटा आकडा आणि सूत्राच्या आधीचा मोठा आकडा यांत गल्लत करणे. खालचा आकडा एका रेणूतील अणू सांगतो, आधीचा आकडा किती रेणू ते सांगतो.
• मधल्या पायरीलाच आकडे जवळच्या पूर्णांकात बदलणे. ते शेवटी करावे.
• उत्तराला एकक न लिहिणे.

अम्मीचे काम

त्या रविवारी निघताना अम्मीने मला विचारले, "मॅडम, हे मला काही येत नाही. मी हिला काय मदत करणार?"

मी त्यांना तीनच प्रश्न सांगितले. मुलगी गणित सोडवून वही मिटू लागली की मशीनवर बसल्या बसल्या विचारायचे :

"बेटा, दिलंय काय?"
"विचारलंय काय?"
"एकक लिहिलंस का?"

उत्तर बरोबर आहे की नाही, हे अम्मीला कळण्याची गरज नाही. मुलगी तोंडाने सांगू लागली की तिची चूक तिलाच सापडते. जिथे ती अडखळेल तिथे पुन्हा वाचायचे. रोज मगरिबनंतर अर्धा तास आणि फक्त तीन गणिते. एक सोपे, एक कालच्यासारखेच, एक नवे. तीस गणिते एका दिवशी करून आठवडाभर वही न उघडण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

मुलीने महिनाभर हे केले. मध्ये दोनदा ती रडलीसुद्धा. एकदा समीकरण संतुलित होत नव्हते, एकदा वर्गात सर्वांसमोर उत्तर चुकले. दुसऱ्या चाचणीत तिला पंचवीसपैकी सोळा गुण मिळाले. अव्वल नंबर आला असे मी सांगणार नाही. पण गणितांच्या जागी कोरा कागद नव्हता. प्रत्येक गणितात चारही ओळी होत्या. जिथे उत्तर चुकले होते, तिथेही पायऱ्यांचे गुण मिळाले होते.

आर्ट्सचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. परवा ती बाजारात भेटली. हसत म्हणाली, "मॅडम, आता अम्मी भाजीवाल्यालाही विचारते, एकक काय, पाव किलो की अर्धा किलो?"

पालकहो, आपल्या मुलाला पहिल्या चाचणीत कमी गुण पडले तर लगेच त्याची वाट बदलू नका. त्याचा पेपर मागून घ्या आणि गणितांच्या जागा बघा. तिथे कोरा कागद असेल तर त्याचा अर्थ बुद्धी नाही असा होत नाही. त्याला सुरुवात दाखवणारे कुणी हवे आहे, एवढाच होतो. शिक्षकांना जाऊन भेटा, शब्दांची वही करून द्या, आणि संध्याकाळी अर्धा तास त्याच्याजवळ बसा. तीन प्रश्न आपल्याला पाठ झालेच आहेत. बाकीची मेहनत मूल करील, इन्शाअल्लाह.